चौसष्ट नाही, सहा



पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण गेल्या आठवड्यातली माझी ‘एका गावातून चौसष्ट शेतकरी गायब’ ही पोस्ट ज्यांनी शेअर केली होती, त्यांनी निदान ही तरी पूर्ण वाचावी. कारण ती पोस्ट चुकीची होती. आकडा चुकीचा होता आणि त्या आकड्यावर मी जे जे लिहिलं तेही चुकीचं होतं. ती पोस्ट मी डिलीट केलेली नाही. वर ‘ही माहिती चुकीची आहे’ असं लिहून तशीच ठेवली आहे. गुपचूप पुसून टाकली असती तर स्क्रीनशॉट फिरतच राहिले असते आणि माझी चूक मात्र दिसेनाशी झाली असती.

आता काय झालं ते सांगतो.

परतीच्या पावसानं आपल्या तालुक्यात भाताचं काय केलं ते तुम्हाला मी सांगायला नको. कापून शेतात पसरलेलं भात जागेवर भिजलं, लोंबीलाच कोंब आले. पंचनामे झाले. केंद्राच्या आपत्ती निकषाप्रमाणे ३३ टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये मिळतात. म्हणजे वीस गुंठे भात गेलं तर सतराशे रुपये. आपल्याकडे वीस गुंठे म्हणजे पुष्कळांची सगळी शेती. रक्कम छोटी आहे, पण शेजाऱ्याला आले आणि मला नाही, हे माणसाला रात्रभर झोपू देत नाही. कोकणात राहणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

माझ्याकडे लोक यायला लागले. “पंचनाम्यात माझं नाव होतं, पैशांच्या यादीत नाही.” एक आला, दोन आले, पाच आले. मी ठरवलं की गावागावाच्या दोन्ही याद्या मिळवायच्या, पंचनाम्याची आणि पैसे जमा झाल्याची, आणि एकमेकींवर ठेवून बघायच्या. कोण गळलं ते आपोआप दिसेल.

दोन याद्या हातानं जुळवणं म्हणजे काय असतं ते मतदार यादीवर काम केलेल्यांना विचारा. एका यादीत ‘श्री. सखाराम धोंडू’, दुसरीत नुसतं ‘सखाराम धोंडू’. एकीत ‘सौ.’, दुसरीत नाही. एकीत ‘राऊत’, दुसरीत ‘राउत’. ‘बोऱ्हाडे’मधला तो अर्धा ‘ऱ’ संगणकात दोन पद्धतींनी साठवता येतो. एक अखंड अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता असे दोन तुकडे करून. आपल्या डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ती दोन वेगळी आडनावं वाटतात.

माझी भाची पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. तिनं पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम करून दिला. दोन याद्या घालायच्या, तो नावं साफ करतो, जुळवतो आणि न जुळलेली नावं वेगळी काढून देतो. पहिल्या दोन गावांत त्यानं चोख काम केलं. एका गावात दोन नावं निघाली, दुसऱ्यात तीन. मी पाचही घरी जाऊन आलो, पाचही खरी होती. माझा विश्वास बसला.

चूक इथून सुरू होते. विश्वास बसला म्हणून तिसऱ्या गावाला मी घरी गेलोच नाही.

तिसऱ्या गावाची यादी चारशेच्या वरची. प्रोग्रॅमनं उत्तर दिलं: चौसष्ट. मी खुर्चीतून उठलोच. दोन नाही, तीन नाही, चौसष्ट! बातमी लिहिली, पेपरला पाठवली. डेस्कवरच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचा फोन आला, “तलाठ्यांची बाजू कुठाय?”

मी म्हटलं, “साहेब, आकडेच बोलतायत.”

“आकडे बोलत नाहीत रे. माणसं बोलतात. बाजू घे, मग लावू.”

मला राग आला. वीस वर्षं या तालुक्यात बातमीदारी करतोय. एसटीच्या पार्सलनं बातमी पाठवायचो तेव्हापासून. आणि हे मला शिकवणार? त्याच रात्री मी ती फेसबुकवर टाकली. गावाचं नाव लिहिलं नव्हतं, पण आपल्याकडे गाव ओळखायला नाव लागतं का? सकाळपर्यंत शेकड्यानं शेअर. खाली कमेंटा: ‘खाल्ले पैसे’, ‘सस्पेंड करा’, ‘ही माणसं सुधारणार नाहीत’. त्या सजाच्या तलाठी मॅडमचा फोटो कुणीतरी कमेंटमध्ये टाकला. तो मी दुपारी काढला. सकाळीच काढायला हवा होता.

तिसऱ्या दिवशी बाजारात एक म्हातारे गृहस्थ भेटले. म्हणाले, “ओ पत्रकार, माजं नाव गायब म्हनून तुमी लिवलंत. माजं नाव हाय की यादीत. पैशे पन आले.”

मी हसून म्हटलं, “काका, नाव दुसऱ्या कुणाचं असेल.” त्यांनी पिशवीतून पासबुक काढलं. जमा. तारीख, रक्कम, सगळं.

घरी येऊन यादीचा कागद काढला आणि बोटानं एकेक ओळ सरकत बसलो. काकांचं नाव दोन्ही याद्यांत होतं. फरक एवढाच की एकीत आधी ‘श्री.’ होतं. त्यांच्या पुढचं नाव घेतलं, तेही होतं. त्याच्या पुढचंही होतं. दहावं नाव तपासल्यावर हात थंड पडले.

भाचीला फोन लावला. रात्रीचे साडेदहा. ती म्हणाली, “मामा, मी काहीच बदललेलं नाही. फक्त फाईल आवरली.”

हे वाक्य लक्षात ठेवा. ‘काहीच बदललेलं नाही, फक्त आवरलं.’

तिनं आधी यादीवर संशय घेतला, मग फॉन्टवर. मग पंधरा दिवसांपूर्वीची, पहिल्या दोन गावांना वापरलेली प्रोग्रॅमची प्रत काढली आणि तिच्यात तिसऱ्या गावाच्या त्याच याद्या घातल्या. उत्तर आलं सहा. नव्या प्रतीत घातल्या, चौसष्ट. याद्या त्याच, संगणक तोच. दोन्ही प्रती शेजारी ठेवून फरक काढला, तर अक्षर न अक्षर सारखं. फक्त वरच्या दोन ओळी खाली-वर झालेल्या.

“दोन ओळींनी अठ्ठावन्न माणसं गायब होतील?” मी विचारलं.

ती म्हणाली, “थांबा.” तिनं त्या ओळी हातानं उलट केल्या. सहा. परत उलट केल्या. चौसष्ट. फोनवर बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

त्या दोन ओळी काय होत्या ते सांगतो. मी तंत्रज्ञ नाही, पण गेले पाच दिवस मी दुसरं काहीच केलेलं नाही, त्यामुळे मला समजलं तसं सांगतो.

प्रोग्रॅम लिहिणारा प्रत्येक गोष्ट स्वतः लिहीत नाही. दुसऱ्या फाईलींतली, म्हणजे लायब्ररींमधली, तयार कामं बोलावून घेतो. त्याला इम्पोर्ट म्हणतात. आमच्या प्रोग्रॅमच्या डोक्यावर अशा दोन फाईली बोलावल्या होत्या. एकीचं नाव पीडीएफरीड, म्हणजे पीडीएफमधून मजकूर वाचणारी. दुसरीचं नेमफिक्स, म्हणजे नावं शुद्ध करणारी. दोन्ही भाचीनंच लिहिलेल्या, वेगवेगळ्या वेळी. आणि दोन्हींमध्ये एक काम होतं, ज्याचं नाव तिनं दोन्हीकडे ‘क्लीन’ असंच ठेवलं होतं. पीडीएफरीडमधलं क्लीन फक्त मागच्या-पुढच्या मोकळ्या जागा काढायचं. नेमफिक्समधलं क्लीन ‘श्री.’, ‘सौ.’, ‘कै.’ काढायचं, ‘ऊ-उ’ आणि दोन प्रकारचे ‘ऱ’ एक करायचं. खरं काम हे दुसरं.

आणि तिनं दोन्ही फाईली ‘तुमच्या घरात जे जे आहे ते सगळं या’ अशा पद्धतीनं बोलावल्या होत्या. त्यासाठी इम्पोर्टच्या ओळीत शेवटी एक तारा टाकतात, म्हणून त्याला स्टार इम्पोर्ट म्हणतात.

आता समजा, तुमच्या वाडीत दोन दत्ता आहेत. एक वरच्या घरचा, एक विहिरीजवळचा. दोघांनाही सभेला बोलावलंत. विहिरीजवळचा आधी आला आणि बसला. वरच्या घरचा नंतर आला. तुम्ही हाक मारली, “दत्ता, जरा इकडे ये.” आपल्या सभेत दोघेही उठतील आणि हशा होईल. पायथनच्या सभेत तसं होत नाही. तिथे एका नावाची खुर्ची एकच. नंतर आलेला दत्ता आधीच्या दत्ताला उठवतो आणि त्याच खुर्चीत बसतो. कुणी ओरडत नाही, कुणी तक्रार करत नाही. यापुढे ‘दत्ता’ म्हटलं की हाच.

सुरुवातीला पीडीएफरीड आधी होती, नेमफिक्स नंतर. त्यामुळे खुर्चीत नावं शुद्ध करणारं क्लीन बसलेलं होतं. प्रोग्रॅम बरोबर चालत होता, पण तो योगायोगानं बरोबर होता. मग भाचीनं फाईल नीटनेटकी केली. त्यासाठी तयार साधनं असतात. सेव्ह केलं की ती इम्पोर्टच्या ओळी अकारविल्हे लावून देतात. इंग्रजीत एन आधी, पी नंतर. त्यामुळे नेमफिक्स वर गेली, पीडीएफरीड खाली आली आणि खुर्चीत दुसरा दत्ता बसला. दोघांचंही काम दिसायला एकसारखं, एक नाव घ्यायचं आणि एक नाव परत द्यायचं. त्यामुळे कुठेही लाल अक्षरांत एरर आली नाही. प्रोग्रॅम पूर्वीइतक्याच ठामपणे चालला आणि त्यानं अठ्ठावन्न जिवंत माणसं यादीतून उडवली.

सापडलं कसं ते ऐका, मला त्याचीच गंमत वाटली. भाचीनं प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली, जी क्लीनला विचारते, ‘तू कुठल्या फाईलीतला?’ पायथनमध्ये प्रत्येक कामाला आपलं मूळ गाव सांगता येतं. उत्तर आलं, पीडीएफरीड. झालं. आपल्याकडे नवा माणूस भेटला की नावाच्या आधी आपण “कुठले तुम्ही?” म्हणून विचारतो. त्याला शहरातले लोक हसतात. विचारलं ते बरंच असतं, एवढं मला आता कळलंय.

आणि आपल्याला तर हे कळायला हवंच होतं. ‘संगमेश्वर’ म्हटलं की काय? तालुका संगमेश्वर, पण तहसील कचेरी देवरुखला. कोकण रेल्वेचं स्टेशन ‘संगमेश्वर रोड’. शास्त्री आणि सोनवीच्या संगमाजवळचं, १६८९ मध्ये संभाजी महाराजांना जिथे पकडलं ते कसबा संगमेश्वर वेगळं, आणि हायवेवरची आमची बाजारपेठ वेगळी. बाहेरगावचा माणूस तहसीलच्या कामासाठी संगमेश्वरला उतरतो आणि मग देवरुखच्या गाडीची वाट बघत बसतो. हा आपल्याकडे नेहमीचा प्रकार. चूक त्याची नसते. त्याला कुणी पूर्ण पत्ता दिलेला नसतो.

यावर उपायही तोच आहे, पूर्ण पत्ता. ‘क्लीन’ अशी मोघम हाक मारायची नाही, ‘नेमफिक्समधलं क्लीन’ असं म्हणायचं. मग ओळी वर-खाली करा, उलट्या करा, काही फरक पडत नाही. पायथनची शैली सांगणारी पेप ८ नावाची जी अधिकृत पुस्तिका आहे, तिच्यातही तारा लावून सगळं बोलावणं टाळा असंच सांगितलं आहे. भाचीला हे माहीत होतं. “छोटाच प्रोग्रॅम आहे, म्हणून केलं मामा,” म्हणाली. मी तिला काय बोलणार? ‘छोटंच गाव आहे, कशाला जायचं प्रत्येक घरी,’ म्हणून मीही तेच केलं होतं.

एक गोष्ट स्पष्ट करतो. ओळी आवरणं ही चूक नव्हती. त्याच पुस्तिकेत इम्पोर्टच्या ओळी गट करून लावा असंही सांगितलं आहे, वाचणाऱ्याला सोपं जावं म्हणून. त्यामागे गृहीत असं की क्रम बदलल्यानं काम बदलणार नाही. आमचं काम क्रमावर उभं होतं आणि हे कुणालाच माहीत नव्हतं, लिहिणारीलाही नाही. चूक आधीपासून होती. आवरल्यामुळे ती दिसली एवढंच.

क्रमाचे असे आणखी घोळ असतात. तुम्ही स्वतःच्या फाईलीला चुकून पायथनच्याच एखाद्या लायब्ररीचं नाव दिलंत, समजा ‘रँडम’, तर पायथन आधी तुमच्या फोल्डरमध्ये शोधतो आणि तुमचीच फाईल उचलतो. खरी लायब्ररी दाराबाहेर उभी. दोन फाईली एकमेकींना बोलावत असतील तर एक अर्धवट तयार असतानाच दुसरी तिच्याकडे काम मागते. काही ठिकाणी मात्र क्रम खरोखरच लागतो. जीइव्हेंट नावाची एक लायब्ररी नेटवर्कची मूळ कामंच बदलून टाकते, म्हणून ते आधी करावं लागतं आणि बाकीचे नंतर. वेबसाईटवर जेक्वेरी आधी आणि तिच्यावर चालणाऱ्या गोष्टी नंतर, हे वेबसाईट बनवणारा कुठलाही पोरगा सांगेल. अशा ठिकाणी त्या ओळीशेजारी ठळक लिहून ठेवायचं: ‘हा क्रम बदलू नका, कारण अमुक.’ आणि आवरणाऱ्या साधनाला सांगायचं की या ओळींना हात लावू नको.

हे फक्त कॉलेजच्या मुलांचं होतं असं समजू नका. रसायनशास्त्रज्ञ ज्या पायथन प्रोग्रॅमांवर विसंबून रेणूंची रचना ठरवायचे, त्यातले काही प्रोग्रॅम २०१४ मध्ये एका नामवंत नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांच्या लक्षात आलं की तोच प्रोग्रॅम, तीच माहिती, पण वेगवेगळ्या संगणकांवर उत्तरं वेगळी येतात. तिथे घोळ इम्पोर्टचा नव्हता, फाईलींच्या क्रमाचा होता. प्रोग्रॅमनं गृहीत धरलं होतं की संगणक फाईलींची यादी नावाच्या क्रमानं देईल. काही संगणक तशी द्यायचे, काही नाही. पाच वर्षं जगभर तो वापरला जात होता. दुरुस्ती काय? आधी यादी क्रमानं लावून घ्यायची, इतकीच. एररचा लाल शब्द तिथेही कधी उमटला नव्हता.

आणि ब्रिटनच्या पोस्टाचं प्रकरण तर अनेकांनी वाचलं असेल. होरायझन नावाची हिशेबाची संगणक यंत्रणा. ती पोस्टाच्या शाखांमध्ये पैसे कमी दाखवायची. शाखा चालवणारे सांगत होते की आम्ही पैसे घेतलेले नाहीत. पण संगणक बरोबरच असणार असं धरून १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून जास्त लोकांना दोषी ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेले. घरं गेली, अब्रू गेली. यंत्रणेत दोष असल्याचं न्यायालयानं २०१९ मध्ये मान्य केलं, आणि २०२४ मध्ये शेकडो लोकांच्या शिक्षा रद्द करायला तिथल्या संसदेला वेगळा कायदा करावा लागला. त्यातल्या चुका वेगळ्या प्रकारच्या होत्या, इम्पोर्टच्या नव्हत्या. पण ‘संगणकानं दाखवलं म्हणजे झालं’ हा भाग तोच.

इतकी वर्षं मी खिडकीच्या या बाजूला उभा राहून हेच लिहीत आलो. रेशनच्या यंत्रावर अंगठा उमटत नाही म्हणून आजीला परत पाठवतात. पीक पाहणीत नाव दिसत नाही म्हणून माणसाला चार हेलपाटे घालायला लावतात. “आम्ही काय करणार, सिस्टीम दाखवत नाही” हे उत्तर ऐकून मी किती वेळा चिडून लिहिलंय. आणि माझ्या हातात एक छोटी सिस्टीम आल्याबरोबर मी काय म्हणालो? “साहेब, आकडेच बोलतायत.” खिडकीच्या आतला बाबू आणि मी, दोघांत फरक काय राहिला?

परवा त्या तलाठी मॅडमना भेटायला त्यांच्या कार्यालयात गेलो. दारात पाय अडखळला, खरं सांगतो. त्यांनी बसायला सांगितलं, चहा सांगितला. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, “भाऊ, एक फोन केला असतात तर मी रजिस्टर उघडून दाखवलं असतं.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “तुमची पोस्ट माझ्या मुलाच्या शाळेच्या ग्रुपवर पण आली होती.” एवढंच. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पण त्याहून मोठं नुकसान दुसरंच झालंय, आणि त्याबद्दल कुणीच बोलत नाही. ती सहा माणसं.

सहा हा आकडा खरा आहे. या वेळी मी सहाही घरी गेलोय. तिघांचं आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळत नाही, म्हणून केवायसी अडकलंय. दोघांचा सातबारा सामाईक आहे. पंधरा-वीस नावं, निम्मी माणसं मुंबईत, दोन वारलेली. संमतीपत्र कुणाकुणाकडून आणणार? आणि एक बाई अशी आहे की तिचं नाव पंचनाम्यात आहे, खातं बरोबर आहे, आधार बरोबर आहे, आणि तरीही पैशांच्या यादीत नाव नाही. का, ते कुणालाच सांगता येत नाही.

ही खरी बातमी होती. सहा माणसांची, लहानशी, पण खरी. ती मी चौसष्टमध्ये बुडवली. आता ही माणसं कुठल्याही टेबलासमोर उभी राहिली की समोरचा म्हणतो, “ती पत्रकाराची खोटी यादी ना?” परवा त्या बाईला कुणीतरी हेच ऐकवलं. चुकीच्या आकड्यानं अधिकाऱ्याचं नुकसान झालं, पण ज्याच्यासाठी मी लढायला निघालो होतो त्याचं जास्त झालं.

म्हणून आता काय करतोय ते लिहितो. नुसती माफी मागून भागत नाही.

पहिलं, भाचीनं प्रोग्रॅम दुरुस्त केला आहे. तारे काढले, प्रत्येक काम पूर्ण पत्त्यानं बोलावलं. शिवाय वीस नावांची एक चाचणी यादी केली आहे, जिचं उत्तर आम्ही दोघांनी कागदावर हातानं काढलंय. त्यात ‘श्री.’ आहे, ‘सौ.’ आहे, दोन्ही प्रकारचे ‘ऱ’ आहेत. कुठल्याही गावाची यादी घालण्याआधी ही वीस नावं चालवायची. उत्तर चुकलं तर तिथेच थांबायचं. ही चाचणी आधी असती तर आवरल्याच्या दुसऱ्या मिनिटाला चूक सापडली असती.

दुसरं, तिन्ही गावांच्या याद्या मी परत तपासल्या. पहिल्या दोन गावांचे आकडे बरोबर आहेत. तिसऱ्याचा सहा आहे.

तिसरं, यापुढे घरी गेल्याशिवाय आकडा लिहिणार नाही. प्रोग्रॅमनं फक्त एवढंच सांगायचं की कुणाच्या घरी आधी जा. पत्रकारितेच्या डिप्लोमात पहिल्याच महिन्यात हे शिकवलं होतं, निदान दोन ठिकाणी खातरजमा करा, ज्याच्याविरुद्ध लिहिता त्याला विचारा. प्रमाणपत्र भिंतीवर आहे, धडा विसरलो होतो.

चौथं, प्रशासनाकडे एक मागणी. ती माझ्या चुकीमुळे कमी खरी होत नाही. नावावरून नावं जुळवायची वेळ आमच्यासारख्यांवर येतेच का? एकाच वाडीत एकाच आडनावाची तीस घरं असतात. नाव हा आपल्याकडे पत्ता नाहीच. प्रत्येक पंचनाम्याला विशिष्ट क्रमांक असतो. तो क्रमांक, गट नंबर, मंजूर रक्कम, आणि मंजूर नसेल तर त्याचं कारण, एवढं दोन्ही याद्यांमध्ये छापून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. आधार नको, खातं नंबर नको. मग कुठलाही शेतकरी स्वतःच्या बोटानं आपली ओळ शोधेल आणि ‘का नाही’ याचं उत्तर वाचेल. त्याला ना माझी गरज, ना माझ्या भाचीच्या प्रोग्रॅमची.

आणि तुम्हा वाचकांना एक विनंती. कुणीही, मीसुद्धा, मोठा आकडा घेऊन आला की शेअर करण्याआधी एक प्रश्न विचारा: “यातले किती जण तुम्ही स्वतः भेटलात?” मला त्या रात्री कुणी हा प्रश्न विचारला असता तर उत्तर ‘एकही नाही’ असं होतं. एका माणसानं विचारलं होतं, आणि त्याच्यावर मी चिडलो होतो. त्यांनाही फोन केला. ते म्हणाले, “आता सहाची बातमी लिही. बाजू घेऊन.” ती लिहून पाठवली आहे. तलाठी मॅडमची बाजू तिच्यात आहे.

कमेंटमध्ये माझ्याबद्दल जे म्हणायचं ते म्हणा, एकही पुसणार नाही. फक्त तलाठी मॅडमबद्दल पुन्हा काही लिहू नका. आणि मागची पोस्ट शेअर केली असेल तर तिथे जाऊन निदान एवढं लिहा: चौसष्ट नाही, सहा.

त्या सहांपैकी एकाचं केवायसी काल झालं. उरले पाच. सोमवारी त्या बाईंबरोबर देवरुखला कचेरीत जातोय.